पंप गच्चीवर का नाही?

दहा मजली इमारतीचा पंप गच्चीवर बसवून पाणी वर ओढता येईल का? नाही! पंप पाणी ओढत नसतो. त्याचा पंखा आतले पाणी बाहेर फेकतो, तोंडाशी दाब घटतो आणि टाकीतल्या पाण्यावरील वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीलाही जेमतेम १०.३ मीटर पाणी पेलतो. पुण्यात त्याहून कमी. तळाच्या पंपाला मात्र ही मर्यादा नाही. ३० मीटर उंचीसाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलोग्रॅम दाब, शिवाय घर्षणापुरता थोडा जास्त, एवढे पुरते.

मोटार फिरते, पाणी चढत नाही. लोक वायरमनला बोलावतात. मोटार बिचारी निर्दोष! जमिनीखालच्या टाकीतला फूटव्हॉल्व्ह गळून पंपात हवा शिरलेली असते. पंप आधी बंद करा; कोरडा फिरला तर त्याचे सील जळते. मग पाणी भरा.