ही नस कुणाची?

चिकटलेल्या जुळ्यांना वेगळे केल्याची बातमी छापून आली की माझ्या दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, एवढे तास कशाला लागतात हो?" मी सांगतो, कापायला फारसा वेळ लागत नाही; कोणता भाग कुणाचा, हे ठरवायला लागतो.

सयाममध्ये १८११ साली जन्मलेल्या चँग आणि एंग या भावांवरून अशा जुळ्यांना 'सयामी जुळी' म्हणू लागले. ते छातीपाशी जोडलेले होते. काही जुळी मात्र पाठीमागे, माकडहाडाजवळ जोडलेली असतात. अमेरिकेतील मिली आणि ख्रिस्टीन (१८५१ ते १९१२) या बहिणी तशाच होत्या. एकीच्या पायाला स्पर्श केला तर दुसरीलाही कळे, अशी नोंद त्या काळच्या डॉक्टरांनी केली आहे.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे प्रश्न मज्जातंतूंचा आहे. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकातून निघणारे तंतू पायांना बळ देतात आणि लघवी-शौचावर ताबा ठेवतात. अशा जुळ्यांत ते एकमेकांत गुंतलेले असू शकतात. चुकीचा तंतू कापला गेला तर पाय लुळा पडेल किंवा लघवीवरचा ताबा जन्मभरासाठी जाईल. डोळ्यांना मात्र सगळे पांढऱ्या दोऱ्यांसारखे सारखेच दिसतात.

म्हणून दोन्ही बाळांच्या पायांच्या आणि गुदद्वाराच्या स्नायूंत बारीक सुया बसवून त्यांच्या तारा यंत्राला जोडतात. शल्यविशारद संशयित तंतूला अगदी सौम्य विजेचा स्पर्श करतात. ज्या बाळाचा स्नायू हलेल, त्याची रेघ पडद्यावर उठते. तंतू त्याचा! मग तो जपायचा. या वेळी स्नायू सैल करणारे औषध चालू ठेवता येत नाही, कारण त्याने स्नायू उत्तरच देत नाहीत. भूलतज्ज्ञांची ती कसोटीच.

पडदा गप्प राहिला म्हणजे तंतू निरुपयोगी, असे मात्र नाही. केवळ संवेदना नेणारा तंतू स्नायू हलवत नाही. तेथे यंत्रापेक्षा अनुभव आणि सावधपणाच कामी येतो.

वाचकहो, हीच युक्ती कण्याच्या आणि काही ठिकाणी थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतही वापरतात. थायरॉइडजवळ आवाजाचा तंतू असतो. घरात अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर "मज्जातंतूंवर लक्ष कसे ठेवणार?" हे डॉक्टरांना आधीच विचारा. त्यात संकोच कसला?

लहान बाळाच्या कण्याच्या खालच्या भागावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर टाके सुकले म्हणजे संपले, असे समजू नका. लंगोटातल्या बाळाचा लघवीवरचा ताबा गेला की राहिला, हे लगेच कळत नाही. लघवी सतत ठिबकत असेल, वरचेवर ताप येत असेल, पाय ओढत चालत असेल, तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणून थांबू नका. तपासणीला न्या. वेळीच कळले तर मूत्रपिंडे वाचवता येतात.