हाड मोडले तर फळी कशी बांधाल?

आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडून हात मोडून घेतलेले पोर पाहिले नाही, असे गाव विरळाच. पोर पडते, मनगटाच्या वर हात वाकडा दिसतो, पाहता पाहता सूज चढते आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतो, "धरा रे, ओढून सरळ करा!" तेवढे मात्र करू नका. मोडलेल्या हाडाची टोके सुरीसारखी असतात. शेजारूनच रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. हात ओढण्याच्या भरात या टोकांनी त्या फाटल्या, तर साधे दुखणे अवघड होऊन बसते.

मग करायचे काय? हात आहे त्याच स्थितीत स्थिर करायचा. यासाठीच फळी. फळीने हाड सांधत नाही बरं का, सांधते ते शरीरच. फळी फक्त हालचाल थांबवते. त्याने वेदना कमी होतात आणि आतली इजा वाढत नाही. मांडीचे हाड मोडले, तर बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटरभराहून अधिक रक्त वाहू शकते. अशा माणसाला उचलून बैलगाडीत किंवा जीपमध्ये घालण्यापूर्वी पाय बांधणे का महत्त्वाचे, हे यावरून कळेल.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत उंबर, पिंपळ, पळस, वड अशा झाडांच्या साली आणि वेळूच्या कामट्या हाडाभोवती बांधायला सांगितल्या आहेत. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाला तर सूज व वेदना वाढतात, हेही तेथे आहे. इतकेच नव्हे, तर थंडीत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असे सांगितले आहे. युरोपात अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी शस्त्रवैद्याने प्लॅस्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्यांची कृती 1852 साली प्रसिद्ध केली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे तर हाडे बसवणाऱ्यांच्या घराण्यातलेच. जांघेशी कडे आणि पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया असलेली त्यांची चौकट पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी आघाडीवर वापरात आणली आणि मांडी मोडलेल्या कितीतरी सैनिकांचे प्राण वाचले.

तुमच्यापाशी अशी चौकट नसणार. पण घडी केलेले जाड वर्तमानपत्र, बांबूच्या कामट्या, छत्री, पुठ्ठा, यांपैकी काहीतरी असतेच. जखम उघडी असेल तर आधी स्वच्छ फडक्याने झाका. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी लगेच उतरवा, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत आणि बोटालाच फास बसतो. फळीखाली कापूस किंवा मऊ कापड भरा. फळी अशी लांब घ्या की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे तिने अडवले जातील. गाठ मोडीवर येऊ देऊ नका. हात असेल तर तो धोतराच्या किंवा ओढणीच्या झोळीत गळ्यात अडकवा. काहीच नसेल तर मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधा, बोट शेजारच्या बोटाला. रुग्णाला खायला देऊ नका; शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल. महाराष्ट्रात असाल तर 108 क्रमांकाला फोन करा.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. हाताची किंवा पायाची बोटे नेहमी उघडी ठेवा आणि दर काही मिनिटांनी ती पाहा. ती थंड, पांढुरकी किंवा निळसर झाली, मुंग्या आल्या, बधिर झाली, तर बंध ताबडतोब सैल करा. कामट्या आवळून बांधल्या म्हणजे हाड लवकर बसते, या समजुतीने कित्येक मुलांचे हात गेले आहेत. रक्त अडले की पाच-सहा तासांतच स्नायू मरू लागतात. मग हाड जुळूनही बोटे नखांसारखी आत वळून राहतात, नाहीतर सडलेला हात कापावा लागतो. हे दुखणे ओळखायची एक खूण आहे: बोट हलकेच सरळ केले तरी मूल किंचाळते. नाडी लागत असली तरी ही खूण खोटी मानू नका. "मोडलाय, म्हणजे दुखणारच", असे म्हणून गप्प बसवू नका.

दवाखान्यात प्लॅस्टर घातल्यावरही पहिले दोन दिवस हीच नजर ठेवा. सूज आत वाढते, प्लॅस्टर वाढत नाही. बोटे बधिर वाटली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट पाहू नका. पुढे खाज सुटते, आणि पोरे विणकामाची सुई आत खुपसतात. त्याने कातडी सोलते आणि आत पू धरतो. फारच खाज आली तर प्लॅस्टरवर वरून टिचक्या मारा; बऱ्याचदा तेवढ्याने भागते.