कारखान्याचे कागद शिळे का होतात?

पाम-बोईसर परिसरात, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांच्या फाटकावर रसायनांची माहिती देणारे फलक दिसतात. आत नकाशे, कार्यपद्धती, आपत्कालीन आराखडा अशी कागदांची चळत असते. तिला कोणी हात लावत नाही, तरी ती बिघडते: एक व्हॉल्व्ह हलतो, पंप बदलतो, सुरक्षा अधिकारी नोकरी सोडतो. प्रत्येक बदल नोंदवायला किरकोळ वाटतो. रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकासारखा चुकीचा कागदही तितक्याच ठामपणे बोलतो, आणि गळतीच्या वेळी धोका तिथेच असतो.

म्हणून प्रत्येक कागदाच्या आढाव्याची तारीख आधीच ठरलेली हवी. बदल होताच नोंद करावी, ठरलेली तारीख कशाला, असा आक्षेप येईल. नोंद तेव्हाच हवी. पण थांबलेले उत्पादन सुरू करण्याच्या घाईत ती राहून जाते. शिवाय कुंपणाबाहेर उभी राहिलेली नवी चाळ हा आतल्या कोणी केलेला बदल नसतो. तो आढाव्यातच सापडतो. तारखा मात्र सगळ्या कागदांना सारख्या नकोत. फोन क्रमांक भराभर बदलतात, इमारतीचा पाया नाही. म्हणून तारापूरसारख्या अणुऊर्जा केंद्रांचा सखोल सुरक्षा आढावा १० वर्षांनी होतो, तर धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्याने आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर ६ महिन्यांनी घ्यायची असते. आढावा म्हणजे नुसती सही, हा दुसरा आक्षेप टेबलावरच्या आढाव्यापुरता अगदी खरा. तालमीत मात्र नकाशातला व्हॉल्व्ह जागेवर जाऊन शोधावा लागतो. तेव्हा प्रत्येक कागदावर पुढच्या तपासणीची तारीख आणि ती करणाऱ्याचे पद छापा. नाव नको, माणसे बदलतात.