एसीवर बर्फ का चढतो? कापड दुकानदारांसाठी अनुभवाचे चार शब्द

हिंगोलीसारख्या गावात कापडाच्या दुकानाला एसी लावणे ही पूर्वी चैन समजली जाई. आता एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की लग्नाचा बस्ता बांधायला आलेले गिऱ्हाईक आधी वर एसी आहे का ते पाहते आणि मग गादीवर बसते. तेव्हा एसी हेही आमच्या धंद्याचे एक हत्यार झाले. पण गज-कात्रीची निगा राखणारे आम्ही व्यापारी या हत्याराकडे ते बंद पडेपर्यंत पाहत नाही. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

२०२४ च्या जूनची गोष्ट. बकरी ईद आठवड्यावर आली होती, पहिले पाऊस पडून गेले होते आणि दुकानात गर्दी होती. एसी चालू, आवाजही येत होता, पण हवा येईना. झाकण उघडून पाहिले तर आतल्या जाळीवर बोटभर बर्फ! ओळखीच्या कारागिराने सांगितले, गॅस संपला. गॅस भरला. चार दिवसांनी पुन्हा बर्फ, पुन्हा गॅस. एका रात्री दुकान बंद केल्यावर तो बर्फ वितळला आणि सारे पाणी खालच्या ड्रेस मटेरियलच्या थप्पीवर आले. लाल ओढणीचा रंग पांढऱ्या कापडाला लागला. ईदच्या तोंडावर अकरा हजारांचा माल गेला.

शेवटी आखातात काही वर्षे एसीचे काम करून परतलेला मोहल्ल्यातला एक तरुण आला. त्याने पान्याला हातही न लावता फिल्टर ओढून काढला. त्यावर कापसाच्या तुसाचा असा थर होता की नमद्याचा तुकडाच वाटावा. तो म्हणाला, “चाचा, मशीन आजारी नाही, तिचा श्वास कोंडला आहे.”

त्याने समजावले ते असे. एसीच्या आत तांब्याच्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची एक जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. नळीत गॅस उकळतो आणि उकळताना उष्णता ओढून घेतो. दुकानातली गरम हवा पंख्याने या जाळीवरून सतत फिरत असते, त्यामुळे जाळी थंड राहते, पण गोठत नाही. हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन जमतो आणि नळीवाटे बाहेर पडतो. हवा कमी पडली की जाळीला उष्णता मिळत नाही. ती शून्य अंशाखाली जाते आणि तेच पाणी जागेवर गोठते. बर्फाने उरलीसुरली हवाही अडते, मग बर्फ आणखी वाढतो. मे महिन्यात आमच्याकडची हवा कोरडी असते, म्हणून तुंबलेला फिल्टरही निभावून जातो. पाऊस लागून हवा दमट झाली की बिंग फुटते. आमचा एसी जूनमध्येच का गोठला याचा उलगडा तेव्हा झाला.

कापड दुकानात हे इतर धंद्यांपेक्षा लवकर होते. थान उलगडताना, फाडताना तूस उडते, कोऱ्या कापडाची खळ झडते. त्यात आपण सकाळी बरकतीसाठी लोबान जाळतो. त्याचा चिकट धूर जाळीवर बसतो आणि तूस त्याला चिकटून राहते. लोबान सोडा असे आम्ही म्हणणार नाही, पण एसी बंद असताना आणि त्याच्यापासून दूर जाळावा. दुसरे असे की, भिंतीवरचा एसी वरून हवा ओढतो. जागा वाचविण्यासाठी आपण त्याच्या डोक्यावर फळी ठोकून थाने रचतो. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी.

गॅस कमी झाला तरी बर्फ होतो, हे मात्र खरे. ऐकायला उलटे वाटते, पण गॅस कमी म्हणजे दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे तो आणखी थंडीत उकळतो. अशा वेळी बर्फ बहुधा जाळीच्या एका टोकाला किंवा बाहेरच्या बारीक नळीवर आधी दिसतो. हवा अडली असेल तर साऱ्या जाळीभर पसरतो. परंतु गॅस हे काही गाडीचे पेट्रोल नव्हे की वापरून संपावे. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. सांध्यावर तेलाचा डाग दिसेल, साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतील. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या खिशात नोटा टाकणे. गळती बंद करून, नळीतली हवा यंत्राने पूर्ण ओढून, मगच यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरावा. आपण कापड मोजून देतो, मग गॅस मोजून का घेऊ नये? नव्या यंत्रांत बहुतेक आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. कापडाच्या दुकानात हे काम अनाडी हाती देऊ नये.

फिल्टर, जाळी, गॅस सारे ठीक असूनही बर्फ येत असेल तर पंखा पाहावा. त्याचा कॅपॅसिटर कमजोर झाला किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडले की तो मंद फिरतो.

काही भाऊ दुकान लवकर गार व्हावे म्हणून १६ अंशांवर लावून ठेवतात. त्याने गारवा लवकर येत नाही; फक्त कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही आणि गोठण्याची पाळी लवकर येते. १ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबलच्या एसींना कारखान्यातूनच २४ अंश हे मूळ तापमान लावून देण्याचा सरकारी नियम आहे. तेवढे दुकानाला पुरते.

बर्फ दिसलाच तर पेचकसाने खरवडू नका. पत्रा वाकेल, नळी फुटेल. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, खालचा माल हलवा, बादली ठेवा. वितळायला काही तास लागतात. पुरता वितळल्याशिवाय कूलिंग सुरू करू नये.

जाता जाता एक गोष्ट. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाच्या इंजिनियरने रूढ केला, आणि तो कापडगिरण्यांचा माणूस होता. सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेचा ओलावा राखणे हे त्याचे काम. म्हणजे हे यंत्र आपल्याच धंद्याच्या घरातले निघाले!

आमच्या दुकानात आता दर शुक्रवारी जुम्यासाठी शटर ओढण्याआधी नोकर फिल्टर काढून साध्या पाण्याने धुतो आणि सावलीत वाळत ठेवतो. नमाजहून परत येईपर्यंत तो वाळलेला असतो. आतली जाळी आम्ही वर्षातून दोनदा धुवून घेतो, एकदा मार्चमध्ये आणि एकदा मृगाच्या तोंडावर. त्या जूननंतर गॅस भरावा लागलेला नाही.