अमेरिकन मराठी मिशन व अहमदनगरची पहिली मंडळी

महाराष्ट्रात १८१३ पासून कार्य केलेले एक अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशन आणि त्याच्या प्रयत्नाने १८३३ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे स्थापन झालेला ख्रिस्ती समुदाय. मराठी ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ हा शब्द एके ठिकाणी उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या विश्वासी जनांच्या संघटित समुदायास लावतात, इमारतीस नव्हे. हा भेद येथे महत्त्वाचा आहे. शाळा, छापखाने व दवाखाने यांमुळे हे मिशन महाराष्ट्रात सर्वज्ञात झाले. तथापि गावोगावी स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहणे, हेच त्याने आपल्या कार्याचे खरे माप मानले होते. मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांची संख्याही वाढली. पण त्या खऱ्या अर्थाने स्वतंत्र कितपत झाल्या, हा प्रश्न मिशनपुढे शेवटपर्यंत कायम राहिला.

मिशनची पालक संस्था ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ ही १८१० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झाली. तिचे बहुतेक संस्थापक व पुरस्कर्ते काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात बिशपची अधिकारपरंपरा नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते व आपला कारभार स्वतःच पाहते. संस्थेच्या पहिल्या तुकडीतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने कलकत्त्याहून त्यांना निघून जाण्याचा हुकूम मिळाला होता. मुंबईतही त्यांची परत पाठवणी होण्याचा प्रसंग आला. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांच्या प्रवेशास वाट मोकळी झाली. हॉल यांनी मराठीचा कसून अभ्यास केला. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हे मुद्रणतज्ञ आल्यावर छापखाना सुरू झाला आणि १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. मराठी ‘नवा करार’ १८२६ मध्ये छापून पूर्ण झाला. त्याच वर्षी हॉल पटकीने मरण पावले. एवढे श्रम होऊनही अनुयायी मात्र फारच थोडे मिळाले. पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये, तोही हैदराबादच्या एका मुसलमान गृहस्थाचा झाला. बंदराच्या बहुभाषी व बहुजिनसी शहरात मराठी मंडळी वाढविणे कठीण आहे, हे मिशनऱ्यांच्या हळूहळू ध्यानात आले.

म्हणून देशावर ठाणे बसविण्याचे ठरले. निजामशाहीची ही जुनी राजधानी त्या वेळी इंग्रजी लष्कराची छावणी होती. तिची हवा निरोगी समजली जाई आणि सभोवती दाट मराठी खेडी होती. १८३१ च्या अखेरीस ॲलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड व विल्यम हार्व्ही येथे आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती सहकारी होते. हार्व्ही पुढील वर्षीच वारले. १८३३ मध्ये बाबाजीही निवर्तले. त्याच वर्षी पहिल्या मंडळीची रीतसर स्थापना झाली. मंडळीच्या आरंभीच्या सभासदांत गरिबांसाठी चालविलेल्या आश्रयगृहातील आंधळे, पांगळे व निराधार लोक होते. नगरातील प्रतिष्ठितांच्या दृष्टीने ही गोष्ट उपहासाची होती, तर मिशनच्या दृष्टीने अभिमानाची. मात्र ज्यांचे पोट आश्रयगृहावर चालते, त्यांच्या धर्मांतरात श्रद्धा किती व गरज किती, हा आक्षेप तेव्हापासूनच मंडळीला चिकटला. तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येत नाही, व त्यावरून सर्व अनुयायांस तोलणेही न्याय्य नाही.

१८३९ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नगरात मोठी खळबळ उडाली. मंडळीच्या आतही खरी कसोटी याच वेळी लागली. प्रभुभोजनाच्या विधीत सर्वांनी एकाच भाकरीचा तुकडा व एकाच पेल्यातील द्राक्षरस घ्यावयाचा असतो. सभासदांत महार अधिक होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानण्याचा संस्कार, त्यांच्या पंक्तीस बसून एका पेल्यास ओठ लावणे हे त्या काळच्या ब्राह्मणास धर्मतत्त्वांच्या मान्यतेहूनही अवघड होते. मिशनने या बाबतीत तडजोड केली नाही. जातिभेद पाळणाऱ्यास मंडळीत प्रवेश नाही, असा त्याचा दंडक होता. खेड्यांतून मात्र महार व मांग ख्रिस्ती यांच्यातील अंतर पुढेही दीर्घकाळ टिकले. दंडकाने पंगत एक झाली, तरी सोयरीक तशी एक झाली नाही.

याच काळात हेन्री बॅलंटाइन (१८१३–६५) यांनी नगरच्या कार्याला स्थैर्य आणले. त्यांच्या पुढाकाराने १८४२ मध्ये येथून ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागले. पुढे ते मुंबईस गेले. त्यांनी मराठीत भक्तिगीतेही रचली. सिंथिया फरार (१७९५–१८६२) या बाईंनी १८३९ पासून मृत्यूपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना आपल्या कार्याची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाई फुले यांनीही फरार बाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. या शाळांचा परिणाम मंडळीच्या कुंपणाबाहेर किती दूरवर गेला, याची ही ठळक साक्ष होय.

मिशनच्या धोरणात मोठा पालट घडला तो १८५४-५५ मध्ये. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडर्सन (१७९६–१८८०) हे पाहणीसाठी आले आणि डिसेंबर १८५४ मध्ये नगरला मिशनऱ्यांची परिषद भरली. अँडर्सन आणि इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन (१७९६–१८७३) यांनी जवळजवळ एकाच काळी एक सूत्र मांडले होते : स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला प्रसार आपणच करावा. मिशन ही इमारतीसाठी बांधलेली परात होय. इमारत उभी राहिली की ती काढून घ्यावयाची, असा या विचाराचा आशय होता. मुख्य ठाण्यात मोठमोठ्या संस्था काढून बसण्यापेक्षा खेड्यांत लहान लहान मंडळ्या स्थापाव्यात व त्यांवर देशी पाळक नेमावेत, असा अँडर्सन यांचा आग्रह होता. त्यानुसार इंग्रजी शाळा बंद झाल्या. शिक्षण मातृभाषेतून व मुख्यतः ख्रिस्ती मुलांसाठी द्यावे, असे ठरले. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळून नगरच्या मंडळ्यांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

या निर्णयाचे दोन परिणाम झाले. इंग्रजी शाळेच्या वाटेने येणारा उच्चवर्णीय तरुण मिशनपासून दुरावला. तर खेड्यांतील महारवाड्यांत मिशनचा शिरकाव झपाट्याने झाला. नगर जिल्ह्यातील राहुरी, वडाळे, तसेच सोलापूर ही नवी ठाणी याच विस्तारातून पुढे आली. खेड्यात मंडळी उभी राहण्याची रीत साधारणपणे ठरलेली होती. आधी महारवाड्यात एक ख्रिस्ती शाळामास्तर राही. दिवसा मुलांची शाळा व रात्री मोठ्यांसाठी वाचन, भजन, प्रार्थना चाले. एखाद-दुसरे कुटुंब बाप्तिस्म्यास तयार होई. त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांमार्फत ही वार्ता शेजारच्या गावी पोचे. सभासद पुरेसे झाले, की त्यांची मंडळी स्थापून तिला पाळक देत. म्हणजे प्रसाराचा मार्ग रस्त्यावरील प्रवचनापेक्षा नात्यागोत्याचाच अधिक होता. अशा मंडळ्या ‘ऐक्य’ या नावाच्या संघटनेत एकत्र येत व परस्परांच्या कारभाराचा विचार करीत.

स्वावलंबनाच्या सूत्राला तडा गेला तो मात्र याच खेड्यांत. महाराचे उत्पन्न बलुत्यावर अवलंबून असे आणि बलुते गावकीच्या कामाबद्दल मिळे. मेलेली जनावरे ओढणे, सणावारी व देवदेवस्कीत ठरलेली कामे करणे, यांपैकी काही कामे ख्रिस्ती झालेल्या महारास वर्ज्य वाटत. त्याने ती नाकारली, की गावकरी बलुते बंद करीत. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही, अशी तरतूद झाली होती. परंतु खळ्यावरचा वाटा हा कायद्यापेक्षा गावाच्या मर्जीचा प्रश्न होता. ज्याच्या पदरी धान्यच अपुरे, त्याने पाळकास रोख पगार कोठून द्यावा? परिणामी पाळक, शाळामास्तर व बायबलबाई या सर्वांचे वेतन बव्हंशी मिशनकडूनच येत राहिले. आणि जो वेतन देतो त्याचा शब्द चालतो, या न्यायाने कारभाराची सूत्रेही मिशनच्या बंगल्यातच राहिली. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीच्या बळावर चालविलेली व्यवस्था भूमिहीन बलुतेदारांना लागू करताना ही बाब पुरेशी विचारात घेतली गेली नव्हती.

१८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांनी हे परावलंबन वाढविले. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) हे १८७४ पासून नगरला होते. पाळक तयार करण्यासाठी त्यांनी १८७८ मध्ये धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. दुसऱ्या दुष्काळातील मदतकार्याबद्दल त्यांना सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. दुष्काळात अनाथ झालेली पुष्कळ मुले मिशनच्या आश्रयास आली व त्यांतून मंडळीची एक नवी पिढी घडली. इंग्लंडच्या एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेनेही १८७० नंतर याच जिल्ह्यात कार्य आरंभिल्याने दोन्ही मिशनांत अनुयायांवरून कुरबुरी झाल्या.

पैशाच्या बाबतीत जे साधले नाही, ते उपासनेच्या बाबतीत बरेच लवकर साधले. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती प्रचारात आणला. पाश्चात्त्य चालीवरील भाषांतरित गीतांना ओव्या, अभंग, साक्या यांची जोड मिळाली. या धारेचा परमोत्कर्ष नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या काव्यात झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक नगरला राहिले व तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यांतील अनेक मंडळ्यांत त्यांची गीते निरक्षर सभासदांनाही मुखोद्‌गत असत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात नगर व राहुरी येथील ख्रिस्ती घरांतील दैनंदिन जीवनाचे जे दर्शन घडते, ते मिशनच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. परकीय पैसा व परकीय रीतीभाती यांपासून मुक्त असा भक्तसमुदाय त्यांना हवा होता. अँडर्सन यांच्या सूत्रापेक्षाही ही मागणी पुढची होती. परंतु दोनच वर्षांत टिळक निवर्तल्याने तिची कसोटी लागू शकली नाही.

संघटनेच्या दृष्टीने पुढील बदल एकीकरणाचे होते. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्यांचे उत्तर भारतातील संयुक्त चर्च बनले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे त्याचे अन्य पाच चर्चांशी एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. या चर्चमध्ये अँग्लिकनही आल्याने नगर जिल्ह्यातील जुने प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेवर उभारलेल्या परंपरेने बिशपची व्यवस्था स्वीकारावी, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. पालक अमेरिकन बोर्डही १९६१ मध्ये नव्या संस्थेत विलीन झाले. शिक्षणक्षेत्रात भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापिलेले अहमदनगर महाविद्यालय हे मिशनच्या परंपरेतून, पण भारतीय नेतृत्वाखाली उभे राहिलेले कार्य होय.

खेड्यांतील मंडळ्यांचा आर्थिक प्रश्न नव्या रूपात चालू राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. त्या १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना त्या मिळत नाहीत. त्यामुळे एकाच वाड्यातील व एकाच मूळ जातीतील बौद्ध व ख्रिस्ती कुटुंबांची शासनदरबारी गणना वेगवेगळी होते, आणि कागदोपत्री कोणता धर्म नोंदवावा हा अनेक घरांत आजही व्यवहाराचा प्रश्न आहे.