शेक घेतला, तरी गाठ पुन्हा का उठते?

"शेकानेच आजार चाळवला." प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरांत हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. शेक म्हणजे रेडिएशन. पुष्कळांना त्याचा चांगला गुण येतो. पण काहींचा आजार काही वर्षांनी परततो. मग कोणी म्हाताऱ्याच्या विडीला दोष देतो, कोणी डॉक्टरला. आणि रुग्ण तपासणीला जाणेच सोडतो. म्हणून आत काय घडते ते समजून घेऊ.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. रेडिएशनचे किरण कॅन्सरच्या पेशींमधला डीएनए तोडतात. मरणाऱ्या पेशींतून जे बाहेर पडते, त्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना, धोक्याची खबर लागते. त्यांतल्या टी-पेशी उरलेला कॅन्सर मारू शकतात.

पण प्रोस्टेटच्या गाठीत टी-पेशी मुळातच थोड्या. त्यात, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की, शेकानंतर गाठ रासायनिक निरोप धाडून मॅक्रोफेज नावाच्या पेशी बोलावते. एरवी या पेशी घाण साफ करतात. गाठीत मात्र त्या नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात आणि टी-पेशींना अडवतात. म्हणजे पहारेकरीच चोराला सामील!

टी-पेशींवरचा ब्रेक सोडणारे औषध दिले तर? तेही करून पाहिले. आजार हाडांत पसरलेल्या ७९९ रुग्णांना रेडिएशननंतर इपिलिमुमॅब किंवा खोटे औषध दिले. २०१४ साली निकाल आला: आयुष्य वाढल्याचे ठामपणे सिद्ध झाले नाही. जिथे एवढे जोरदार औषध पुरे पडले नाही, तिथे 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर काय करणार? त्यावर पैसे घालवू नका.

मग आपण काय करायचे?

• शेकाची एकही पाळी चुकवू नका. सोबत हार्मोनचे इंजेक्शन सांगितले असेल तर तेही वेळेवर घ्या. त्याने शेकाचा परिणाम वाढतो.
• पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवा. शेकानंतरच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा पीएसए २ ने वाढला, तर आजार परतल्याची शंका घेतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.
• खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आजार परतला तर तो रुग्णाचा गुन्हा नव्हे. त्यावरही उपचार आहेत. घरातल्यांनी बोल लावू नये; तपासणीला सोबत जावे.