खायचा गुलाब वेगळा

अलिबाग तालुक्यात खंडाळे गावाजवळचा एक खडक बेने इस्रायली समाजाला फार पवित्र. प्रेषित एलियाहू तिथून स्वर्गात गेले, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या नावानं होणाऱ्या मलिद्याच्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं आणि पुष्कळ घरांत वर गुलाबाच्या पाकळ्या असतात. रायगडच्या किनाऱ्यावर गुलाब पोटात जातो तो असा, बेतानं. एरवी तो भेटतो विड्यातल्या गुलकंदात, श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या सोबतीला.

हल्ली मात्र घरोघरी गुलाबाचं सरबत, गुलाबजल, लेप करून पाहण्याची हौस वाढली आहे. हौस चांगलीच, पण फूल कुठलं, हे आधी विचारायला हवं. बाजारातला लांब दांड्याचा गुलाब बहुधा मावळच्या पॉलिहाऊसमधला. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’ या जाती फुलदाणीत टिकाव्यात म्हणून वाढवतात. भुरी आणि किडीसाठी त्यांच्यावर फवारणी होते, ती फूल खाल्लं जाईल या हिशेबानं होत नाही. वास जवळजवळ नाही, औषध मात्र आहे. असं फूल धुऊनही खाऊ नये, चेहऱ्यालाही लावू नये.

खायचा तो गावठी गुलाब. फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, सकाळी उमलला की दुपारपर्यंत मलूल होणारा. उन्हं चढली की वास उडतो, म्हणून फुलं उजाडताच खुडावीत. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट असतो, तो कातरून टाकावा.

गुलकंद आपल्या दमट हवेत बिघडतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. धुतलेल्या पाकळ्या फडक्यावर सावलीत पसरा. पाण्याचा थेंबही राहता कामा नये. मग काचेच्या बरणीत पाकळ्यांचा थर, त्यावर खडीसाखरेच्या भरडीचा थर. वजनाला साखर पाकळ्यांच्या दुप्पट. साखर पाकळीतलं पाणी ओढून घेते, म्हणून बुरशीला वाव मिळत नाही. साखर कमी केली तर ही राखणच जाते. तोंडाला फडकं बांधून तीन-चार आठवडे ऊन दाखवायचं, रोज कोरड्या चमच्यानं हलवायचं. हे काम पावसाळ्याआधीच उरकावं. मधुमेह असलेल्यांनी गुलकंदाला औषध समजू नये, त्यात मुख्यत्वे साखरच आहे.

सरबतात एक गंमत बघा. गरम पाण्यात पाकळ्या झाकून ठेवल्या की पाणी मातकट, उदास रंगाचं होतं. त्यात लिंबू पिळा, क्षणात लालबुंद गुलाबी! पाकळीतल्या रंगद्रव्याला आंबट लागताच तो रंग खुलतो. बाहेरचा रंग घालायची गरजच नाही.

हेच मातकट पाणी गाळून अनेकजण त्याला गुलाबजल म्हणतात. तो काढा आहे, दोन-तीन दिवसांत आंबतो. गुलाबजल पाण्यासारखं नितळ असतं. पातेल्यात पाकळ्या बुडतील इतकंच पाणी घ्या, मधोमध स्टँडवर वाटी, वर झाकण उलटं आणि झाकणावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. गुलाबाच्या वासातला मोठा भाग पाण्यात विरघळणारा आहे, म्हणून घरच्या घरीही हे साधतं. तेलाची गोष्ट निराळी : किलोभर तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. तेव्हा स्वस्त ‘गुलाबाचं तेल’ दिसलं की ते खरं नाही असंच समजा.

त्वचेला गुलाबजल थंडावा देतं, दिवसभराच्या खाऱ्या वाऱ्यानंतर तोंडावर फवारलं की बरं वाटतं. डाग जातात, मुरुमं बरी होतात, या दाव्यांवर मी विश्वास ठेवत नाही. घरच्या गुलाबजलात टिकाऊ द्रव्य नसतं. उकळलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. डोळ्यांत घालायचं तर अजिबात नाही.

आणि झाड? अलिबागकडच्या अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या गार सावलीत गुलाब फुलत नाही. त्याला वाडीच्या कडेची, दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा द्या. पावसात मुळाशी पाणी साचलं तर झाड कुजतं, म्हणून माती उंच करून लावा. जुलैत पानांवर काळे ठिपके पडतील, ती पानं खुडून जाळा. रोपवाटिकेत रोप घेताना फुलाच्या रंगावर जाऊ नका. आधी वास घ्या, आणि घरी आणल्यावरही दोन-तीन महिने त्याची फुलं खाऊ नका, आधीच्या फवारणीचा अंश निघून जाऊ द्या.